प्लिकर्सची कार्डं स्कॅन होत नव्हती, असं जमलं

सोलापुरात सातवीला शिकवतो. वर्गात प्रश्नांची उत्तरं गोळा करायला प्लिकर्स हे ॲप वापरतो: स्लाइडवर प्रश्न, पोरं कागदी कार्ड वर धरणार, मी एकाच मोबाइलनं स्कॅन करणार, पण मागच्या बाकांवरची उत्तरं यायचीच नाहीत. ॲप परत टाकलं, मोबाइल बदलला, नेट बदललं, पार वैतागलो.

दोष लॅमिनेशनचा निघाला! हौसेनं चकचकीत करून घेतलेलं, खिडकीतलं ऊन पडलं की कार्डावरचा काळा आकार कॅमेऱ्याला पांढराच दिसतो. मग आधी जाड साध्या कागदावर परत प्रिंट काढल्या, लॅमिनेशन नाही, कडेला पांढरी जागा ठेवली. नंतर उन्हाकडची खिडकी लावली. मग पोरांना शिकवलं की कार्ड कडेलाच धरायचं, बोट काळ्यावर नको, आणि उत्तराचं अक्षर वरच्या बाजूला. शेवटी मोबाइल एका टोकाकडून हळू फिरवला. शेवटच्या बाकावरच्या पोरीचं 'बी' त्या दिवशी पहिल्यांदा स्क्रीनवर आलं.