या चुका टाळा: हळदीच्या पट्टीचं सॉफ्टवेअर करून घेताना

सांगलीच्या मार्केट यार्डातला अडत्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणारा मध्यस्थ, ‘पट्टी’ म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर शेतकऱ्याच्या हातात पडणारा हिशेब असतो: पोती, वजन, दर, हमाली-तोलाई, वळती (वजा) केलेली उचल, म्हणजे शेतकऱ्याने आधी घेतलेले पैसे, आणि शेवटी हातात किती. डेव्हलपरला ऐकू येतं ‘बिल’. बिलात उचल वळती होत नसते, त्यामुळे पहिल्याच दिवशी काम चुकीच्या वाटेला लागतं.

फोनवर ‘आमचं साधंच काम आहे’ म्हणून मोकळं होऊ नका. गेल्या हंगामातल्या 10 पट्ट्या नावं-नंबर झाकून द्या. त्यात 3 तरी अडचणीच्या असू द्या: एकाचाच माल दोन खरेदीदारांना गेलेला, उचल पट्टीपेक्षा जास्त झालेली, दर मागाहून दुरुस्त केलेला. डेव्हलपरने त्या आधी वहीवर सोडवून दाखवाव्यात, कोड नंतर.

सर्वांत जास्त वाद वजनाच्या पूर्णांकावरून होतात. समजा 12 पोती, प्रत्येकी निव्वळ 50.4 किलो. एकूण 604.8. प्रत्येक पोत्याचं वजन पूर्णांकात आणलं तर 600 भरतं. क्विंटलला 14,000 रुपये दर धरला, तर 4.8 किलोचे 672 रुपये शेतकऱ्याच्या घामाचे गेले! पूर्णांक कुठे करायचा, की करायचाच नाही, हे पेढीच्या मालकाने लेखी द्यावं. डेव्हलपरने ते मनाने ठरवू नये.

‘चालत नाही’ एवढाच मेसेज निरुपयोगी. पट्टी नंबर, वेळ, काय भरलं, काय यायला हवं होतं, काय आलं, या पाच गोष्टी लिहा आणि स्क्रीनशॉट न कापता पूर्ण पाठवा.

डेव्हलपरचं ‘झालं’ही तितकंच फसवं. लिहून झालं, तपासून झालं, की पेढीवरच्या कॉम्प्युटरवर चालू झालं? दर वेळी स्पष्ट सांगा. बदल सांगणारा माणूसही एकच हवा; मालक एक आणि दिवाणजी दुसरंच सांगत असतील, तर काम दोनदा होतं आणि पैशांवरून वाजतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये नव्या हळदीची आवक वाढते. तेव्हा नवी प्रणाली सुरू करू नका, दिवाळीनंतर लगेच करा. पहिले 15 दिवस जुनी वही आणि सॉफ्टवेअर बरोबरीने चालवा. संध्याकाळी दोन्हींची बेरीज जुळवा. एका रुपयाचाही फरक आला तर पट्टी नंबर त्याच दिवशी डेव्हलपरला कळवा.