स्वादुपिंडातली गाठ कडक की मऊ : ईयूएस इलॅस्टोग्राफी हाताशी घेताना

ईयूएस, म्हणजे दुर्बिणीच्या टोकावरून पोटाच्या आतून केलेली सोनोग्राफी, शिकायला आलेले डॉक्टर गाठ दिसली रे दिसली की इलॅस्टोग्राफीचं, म्हणजे ऊतक किती कडक ते रंगांत दाखवणाऱ्या सोयीचं, बटण दाबतात. जरा थांबा. आधी साध्या काळ्या-पांढऱ्या चित्रात गाठीची कड, स्वादुपिंडाची मुख्य नलिका, पित्तनलिका आणि शेजारच्या रक्तवाहिन्या नीट बघून घ्या. रंगाचं काम त्यानंतर, पण बायोप्सीची सुई घालण्यापूर्वी. एकदा सुई फिरली आणि आत रक्त साकळलं की तिथल्या कडकपणाचा भरवसा राहत नाही. पित्तनलिकेत धातूचा स्टेंट (ती उघडी ठेवणारी नळी) असला तर स्वादुपिंडाच्या डोक्याच्या भागातलं चित्र बिघडतं, म्हणून पेशंटची तब्येत थांबू देत असेल तर ईयूएस स्टेंटच्या आधी उरकावं.

दाब पडला की मऊ भाग जास्त दबतो, कडक भाग कमी. यंत्र हा फरक टिपून रंग भरतं. स्वादुपिंडाच्या बाबतीत हा दाब आपण मुद्दाम द्यायचा नसतो. महाधमनीचे ठोके आणि पेशंटचा श्वास तेवढ्याला पुरतात. नवा हात नेमका इथे अडखळतो : चित्र सुटू नये म्हणून दुर्बिणीचं टोक वळवणारं मोठं चाक घट्ट धरून प्रोब (टोकावरचा सोनोग्राफीचा भाग) जठराच्या भिंतीत रुतवून ठेवतो. अशाने चांगलं मऊ ऊतकही दबून कडक दिसायला लागतं. चाक किंचित सैल सोडा. प्रोब भिंतीला टेकलेला राहिला आणि चित्र धूसर झालं नाही, की तेवढा दाब बरोबर.

आता पडद्यावरची चौकट, जिच्यात यंत्र रंग भरतं. तिच्यात गाठ हवी आणि जवळजवळ तेवढंच आजूबाजूचं ऊतकही हवं. हे रंग सापेक्ष असतात. चौकटीत नुसती गाठच कोंडली, तर यंत्र त्या गाठीतल्या गाठीत मऊ-कडक वाटून टाकतं आणि तुम्हाला खोटा हिरवा दिसतो. गाठ मोठी असेल, साडेतीन-चार सेंटिमीटरची, तर ती अशी मावत नाही. मग कडेचा भाग शेजारच्या ऊतकासह घ्या. मोठी रक्तवाहिनी, सिस्ट (पाण्याची पिशवी), कॅल्शियमचे खडे चौकटीबाहेर ठेवा. रंग निदान पाच सेकंद स्थिर राहिले, मगच सिस्टरना फ्रीज करायला सांगा. पुन्हा दोनदा घ्या. तिन्ही वेळा चित्र वेगळं आलं, तर ते वाचूच नका.

रंगपट्टी बघितल्याशिवाय बोलू नका. ईयूएसमध्ये बहुतेक ठिकाणी निळा म्हणजे कडक, हिरवा मधला आणि लाल मऊ. पण काही यंत्रांत हे उलटं असतं.

मार्सेच्या जिओव्हानिनी यांनी २००६ मध्ये स्वादुपिंडासाठी ही पद्धत मांडली. मी वाचताना चार नमुने मनात ठेवतो. एकसारखा हिरवा : निरोगी स्वादुपिंड. हिरव्यात पिवळ्या-लाल छटा : बहुधा सूज. निळ्यात हिरवे-लाल ठिपके : अॅडिनोकार्सिनोमाचा, म्हणजे स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कॅन्सरचा संशय. सलग निळा : न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरचा (हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या गाठीचा) विचार करा.

आकडा हवा असेल तर स्ट्रेन रेशो काढा. स्ट्रेन म्हणजे ऊतक किती दबलं ते. एक वर्तुळ गाठीत ठेवायचं, दुसरं बाहेरच्या मऊ ऊतकात. दुसऱ्याच्या स्ट्रेनला पहिल्याच्या स्ट्रेनने भागायचं. स्पेनच्या इग्लेसियास-गार्सिया यांच्या गटाने २०१० मध्ये ६.०४ ही मर्यादा दिली, त्यावर गेलं की कॅन्सरचा संशय. त्यांच्या मालिकेत निरोगी स्वादुपिंडाची सरासरी १.६८ होती, सुजेच्या गाठींची ३.२८ आणि अॅडिनोकार्सिनोमाची १८.१२. हे आकडे पाठ करून कुणी निदान करू लागलं की मला काळजी वाटते. पुढे इतर केंद्रांना त्यांच्याइतकी विशिष्टता (कॅन्सर नसलेली गाठ नेमकी ओळखण्याचं प्रमाण) मिळाली नाही, आणि आकडा कसा हलतो ते तुम्ही स्वतःच पाहू शकता : बाहेरचं वर्तुळ प्रोबच्या अगदी जवळ सरकवा. तिथे दाब जास्त पोहोचतो, स्ट्रेन वाढतो, आणि गाठ तीच असून रेशो फुगतो. म्हणून दोन्ही वर्तुळं शक्यतो एकाच खोलीवर ठेवा आणि रिपोर्टमध्ये संदर्भाचं वर्तुळ कुठे होतं ते लिहा.

आता खरी गोष्ट. या तपासणीची संवेदनशीलता (असलेला कॅन्सर पकडण्याचं प्रमाण) ९५ टक्क्यांच्या आसपास धरली जाते, विशिष्टता मात्र बरीच कमी. म्हणजे गाठ मऊ आली तर कॅन्सर नसण्याकडे भक्कम कल. कडक आली तर फक्त संशय. जुन्या पँक्रियाटायटिसमध्ये (स्वादुपिंडाच्या सुजेत) फायब्रोसिस होतो, म्हणजे ऊतक व्रणासारखं घट्ट होतं, तोही निळाच दिसतो. आपल्याकडे क्रॉनिक पँक्रियाटायटिसचे पेशंट कमी नाहीत, त्यामुळे हा घोटाळा रोजचा आहे.

ऑटोइम्यून पँक्रियाटायटिस, म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने आलेली सूज, तर आणखी फसवा. काविळीने आलेले एक काका आठवतात. डोक्याच्या भागात गाठ, सीटीवर कॅन्सरचा संशय, घरच्यांनी ऑपरेशनची तयारी केलेली. गाठ निळी दिसली. मग प्रोब स्वादुपिंडाच्या बॉडीकडे (मधल्या भागाकडे), शेपटाकडे नेला, तर जिथे गाठ नव्हती तिथलं स्वादुपिंडही निळंच. कॅन्सरमध्ये गाठ कडक आणि बाकीचं ऊतक तुलनेने मऊ असा फरक बहुधा दिसतो. इथे तो नव्हताच. आयजीजी-४ ही या आजाराकडे बोट दाखवणारी रक्ततपासणी पाठवली, बायोप्सी केली आणि काका स्टेरॉइडवर बरे झाले. तेव्हापासून माझ्या टेबलावर नियम आहे : गाठीसोबत उरलेलं स्वादुपिंडही रंगात बघायचं.

सुई घालताना हा नकाशा कामी येतो. मोठ्या गाठीच्या मध्यात मऊ पट्टा दिसला तर तिथे नेक्रोसिस (मेलेलं ऊतक) असू शकतो. कडेच्या कडक भागातून बायोप्सी घ्या. आणि बायोप्सीत काही सापडलं नाही पण गाठ निळी आहे, कावीळ आहे, वजन उतरतंय, तर केस बंद करू नका, सुई पुन्हा घाला. दीड सेंटिमीटरहून लहान, मऊ आणि योगायोगाने सापडलेल्या गाठीत घाई कमी चालते, पण पुढच्या स्कॅनची तारीख पेशंटच्या हातात देऊनच घरी पाठवा.

रिपोर्टमध्ये निळा फोटो एकटा चिकटवू नका. नातेवाईक तो मोबाइलवर मोठा करून विचारतात, “डॉक्टर, निळं म्हणजे कॅन्सर ना?” मी फोटोच्या खालीच लिहितो : “गाठ कडक आहे. हे कॅन्सरचं निदान नाही. बायोप्सीचा रिपोर्ट यायचा आहे.”