थंडीत जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट उचलत नसेल तर

डिसेंबर-जानेवारीत बेळगाव-खानापूरकडं पहाटे पारा १२ ते १४ अंशांवर उतरतो. एवढ्याशा थंडीनं धडधाकट हायड्रोलिकला, म्हणजे तेलाच्या दाबावर मागचं अवजार उचलणाऱ्या यंत्रणेला, काही होत नाही. लिफ्ट अडली असेल तर दुखणं पावसाळ्यापासूनचं आहे असं धरून चला. चुकीचं तेल, तेलात शिरलेलं पाणी, तुंबलेली जाळी किंवा हवा ओढणारा एखादा जोड, बहुधा यांपैकीच काहीतरी निघतं. म्हणून पंपाला पाना लावायच्या आधी एक दिवस नुसतं बघण्यात घालवा.

बघायचं ते हे. सकाळी उचलत नाही, पण तासभर काम झाल्यावर सुरळीत चालते, तर खोट पंपाकडं तेल येण्याच्या वाटेवर म्हणजे सक्शनला आहे. याउलट सकाळी नांगर झटक्यात उचलते आणि दुपारी दमते, तर ती झीज. गार, घट्ट तेल झिजलेल्या फटीतून सहज निसटत नाही. तापून पातळ झालं की निसटतं. या दोन खुणा उलट्या वाचल्या जातात आणि चांगला पंप भंगारात जातो.

भार लावूनही बघा. रिकामे लिंक (अवजार धरणारे मागचे दांडे) भराभर वर येतात, पण पलटी नांगर जोडला की हलत नाहीत, तर प्रेशर तयार होत नाही. रिकामे लिंकसुद्धा रेंगाळत येतात, तर पंपाला तेलच पुरत नाही.

आता फुकटातल्या तपासण्या. मॅसी १०३५ च्या धाटणीच्या ट्रॅक्टरात लिफ्टचा पंप मागच्या घरात, म्हणजे गिअरच्या लोखंडी पेटीत, तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या (जोडलेली अवजारं फिरवणाऱ्या) शाफ्टवर फिरतो. पीटीओचा लिव्हर न्यूट्रलला राहिला की लिफ्ट मेली. हसू येईल, पण मिस्त्रीला फोन लावायच्या आधी तेवढं बघाच. ड्राफ्ट (नांगराच्या ओढीप्रमाणे खोली सांभाळणारा) आणि पोझिशन (अवजाराची उंची ठरवणारा) असे दोन लिव्हर असतील तर ड्राफ्टचा वरच्या टोकाला ठेवून पोझिशनच्या लिव्हरनं उचलून बघा. दसऱ्यापासून ट्रॅक्टर उभाच असेल तर लिव्हरच्या खालच्या पिना आणि दांड्या गंजून अडकतात. वर लिव्हर हलतो आणि आत वॉल्व्ह जागचा हलत नाही. नंतर डिपस्टिक. अवजार खाली टेकवून, इंजिन बंद करून, सपाट जागेवर १० मिनिटांनी पातळी बघायची. शेणखताची डंपिंग ट्रॉली जोडत असाल तर तिचा जॅक ट्रॅक्टरचंच तेल ओढतो. ट्रॉली वर असताना पातळी सक्शनच्या खाली गेली की पंप हवा गिळतो. ट्रॉलीच्या पाइपाचं तोंड मातीत लोळतं आणि तीच माती पंपात येते, म्हणून जोडताना दोन्ही तोंडं पुसून घ्या.

तेलाचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण हिवाळ्यातल्या बहुतेक तक्रारी इथंच मिटतात. जुन्या ट्रॅक्टरात गिअर, डिफरन्शियल आणि लिफ्ट यांना बहुधा एकच तेल असतं. गिअर वाजतात म्हणून कोणीतरी १४० नंबरचं जाड तेल ओततं. गिअर गप्प होतात, पण गार सकाळी ते तेल जाळीतून पंपात पोचतच नाही. पंप कण्हल्यासारखा ओरडतो, लिंक थरथरतात. दुसरी चूक उलट टोकाची आहे. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रोलिकची कामं चालतात, तिथं वापरतात ते ६८ नंबरचं तेल सहज मिळतं. लिफ्टला ते रुचतं, पण गिअरच्या दातांवरचा दाब त्याला पेलत नाही. ब्रेक तेलात बुडालेले असतील तर तेही करकरायला लागतात. मॅन्युअलमध्ये लिहिलेला ग्रेडच घाला. पुस्तक हरवलं असेल तर पार्टच्या दुकानात मॉडेल आणि साल सांगून विचारा. ‘ट्रॅक्टरचं तेल द्या’ एवढ्यावर दुकानदार समोरचा डबा काढून देतो.

तेलात पाणी आहे का हे घरीच कळतं. थोडं काम करून लगेच काचेच्या स्वच्छ बाटलीत तेल घ्या आणि रात्रभर ठेवा. सकाळपर्यंत फेस विरून तेल नितळ झालं तर आत हवा मिसळत होती. ताकासारखं पांढुरकंच राहिलं किंवा तळाला पाणी साचलं, तर पाणी शिरलंय. शंका राहिली तर अंगणात, डोळे सांभाळून, जुन्या पळीत दोन थेंब तापवा. पाणी असलं की चरचरतं. खानापूर, जांबोटीकडं भाताच्या चिखलणीत राबलेल्या ट्रॅक्टरात हे हमखास सापडतं. वाट म्हणजे गिअर लिव्हरचं फाटलेलं रबर, मातीनं बुजलेला ब्रीदर (घरातली हवा ये-जा करायचं भोक), नाहीतर खाल्लेलं ॲक्सल सील. दुपारी ३० अंश आणि पहाटे १४, या फरकानं घरात घाम धरतो तो वेगळाच. रबर न बदलता तेल बदललं तर पुढच्या पावसात तीच कथा.

सक्शनच्या जाळीत तेलाचा गाळ, गॅस्केटचे तुकडे आणि सिलिकॉनच्या गुठळ्या सापडतात. (कव्हर बसवताना सिलिकॉन सढळ हातानं लावायची खोड मोडायला हवी, जास्तीचं ते सगळं आत पडतं.) जाळी डिझेलमध्ये धुऊन हवा आतून बाहेर मारा. फाटली असेल तर नवीच घाला. पंप इंजिनच्या अंगाला असेल आणि सक्शनचा पाइप बाहेरून जात असेल, तर त्याच्या जोडांवरच्या जुन्या, कडक झालेल्या ओ-रिंग (रबरी कड्या) गारठ्यात हवा ओढतात. इंजिन कमी वेगात चालू ठेवून एकेका जोडाभोवती ग्रीस थापा. ज्या जोडाला ग्रीस लावताच आवाज बदलेल तिथली ओ-रिंग गेली. अशाच पंपाचं शाफ्ट सील फाटलं तर मागचं तेल इंजिनात उतरतं. मागची पातळी घटतेय आणि इंजिन ऑईल वाढतंय असं दिसलं तर ट्रॅक्टर तिथंच बंद करा.

सक्शन ठीक असूनही लिंक पायरी-पायरीनं, धक्के देत वर येत असतील, तर मॅसीच्या चार पिस्टनच्या पंपात एखाद्या कप्प्याचा वॉल्व्ह नीट बसत नाही, हे ओळखा. वर पोचल्यावर अवजार सारखं थोडं खाली घसरून परत उचललं जात असेल, तर आत कुठून तरी दाबाचं तेल गळतंय. इंजिन बंद करून अवजाराच्या टोकाची जमिनीपासूनची उंची काठीवर खुणेनं धरा. ५ मिनिटांत दोन-चार बोटं उतरलं तर जुन्या गाडीला चालेल. मिनिटभरात टेकलं तर सिलिंडरची ओ-रिंग, पंपाकडून येणाऱ्या पाइपाच्या रिंगा किंवा वॉल्व्ह बघावा लागेल. मॅसीत तेल काढून बाजूचं कव्हर उघडल्यावर, अवजार वर असेल तर बॅटरीच्या उजेडात सिलिंडरच्या तोंडातून ठिबकणारं तेल दिसतं. नुसतं बघायचं, हात आत घालायचा नाही आणि अवजाराखाली कोणी उभं राहायचं नाही.

प्रेशर गेज लावणार असाल तर निदान २५० बारचा घ्या. जुन्या मॉडेलांचा रिलीफ (जादा दाब सोडून देणारा वॉल्व्ह) साधारण १५० ते २०० बारच्या दरम्यान उघडतो. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. प्रेशर कमी दिसतंय म्हणून रिलीफखाली वायसर घालून स्प्रिंग ताठ करणारे फिटर भेटतात. करू देऊ नका, घर फुटतं. गळती हातानं चाचपायची नाही, पुठ्ठा धरून बघायची. सुईएवढ्या भोकातून आलेलं तेल कातडीत शिरतं, पहिल्यांदा फारसं दुखत नाही आणि काही तासांत बोट गमवायची वेळ येते. असं झालं तर मलम लावत न बसता थेट मोठ्या इस्पितळात जा आणि जोराच्या दाबाचं तेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा.

सिलिंडर उघडायचा तर वरचं कव्हर चेन ब्लॉकनं उचला, माणसांच्या कमरेवर नको. आतल्या भिंतीवर नख अडकेल अशी चरी असेल तर नुसती रिंग बदलून दोन महिनेही निघत नाहीत. नवी ओ-रिंग घालताना ती दाबाच्या बाजूला आणि आधाराची चपटी रिंग तिच्यामागं. उलटं बसलं की पहिल्याच जड उचलीला ओ-रिंग चेपून कापली जाते.

तेल बदलताना ट्रॅक्टर अर्धा तास चालवून गरम करा आणि लिंक पूर्ण खाली सोडा, नाहीतर सिलिंडरातलं जुनं तेल आतच राहतं. खालचे सगळे प्लग काढा, एकच नाही. प्लगला करडा, मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज. तेलात पितळी चकाकी दिसली तर बुश गेलेत, बहुधा पंपाचे. पाणी निघालं असेल तर त्याच जातीचं थोडं तेल घालून, विनाभार १० मिनिटं फिरवून तेही काढा. डिझेल भरून लिफ्ट चालवू नका. पंपाला वंगण मिळत नाही. २० लिटरचा एक डबा बहुतेकांना पुरत नाही, दोन आणून ठेवा आणि बारीक जाळीच्या नरसाळ्यातून ओता. फडक्यातून गाळलं तर सुताचे धागे आत जातात.

गार सकाळी इंजिन १००० ते १२०० आरपीएमवर ५ ते १० मिनिटं चालू द्या, पंप फिरता ठेवून. मग रिकामे लिंक आठ-दहा वेळा सावकाश वर-खाली करा आणि त्यानंतरच अवजार जोडा. थंड तेलावर एकदम रेस देऊन उचलू नका. ट्रॅक्टरच्या मागच्या घराखाली जाळ लावून तेल तापवायचा उद्योगही नको, सीलं जळतात. नवं तेल घातल्यावर १० तास काम झालं की जाळी पुन्हा एकदा उघडा. जुना गाळ सुटून तिथंच येऊन बसलेला असतो.