दातांचा प्रकल्प 'यशस्वी' झाला म्हणजे नेमकं काय झालं?

डेंटल हायजिनच्या अभ्यासक्रमात सुरुवातीचा बराच काळ आपण एका वेळी एकाच तोंडात डोकावत असतो. मग सामुदायिक आरोग्याचा विषय येतो आणि 'रुग्ण' म्हणजे अख्खी शाळा किंवा वृद्धाश्रम होऊन बसतो. तक्ते रंगवणं, मोठ्या जबड्यावर ब्रश फिरवून दाखवणं, फ्लोराइड व्हार्निश (किडीपासून वाचवणारा लेप) लावणं हे सगळ्यांना जमतं. गाडी अडते ती मूल्यमापनापाशी. अहवालात त्या मथळ्याखाली बहुतेक जण "मुलांनी उत्साहाने भाग घेतला" असं लिहितात आणि खाली फोटो चिकटवतात.

हे पान अहवालात शेवटी येत असलं, तरी लिहायला घ्यायचं सगळ्यात आधी. खुर्चीतल्या रुग्णाची स्केलिंगआधीची (दातांवरचा थर खरवडून काढण्याआधीची) नोंद नसेल, तर हिरड्या सुधारल्या हे कशावरून म्हणणार? शाळेचंही तसंच. पहिल्या दिवसाचे आकडे हुकले, तर ते नंतर कुठूनही आणता येत नाहीत. म्हणून उद्दिष्ट लिहितानाच त्यात कोणाचं, काय, किती आणि कधीपर्यंत बदलायला हवं हे यायला पाहिजे. "मौखिक आरोग्याविषयी जागृती करणे" हे उद्दिष्ट मोजताच येत नाही, त्यामुळे ते कधी फसतही नाही!

आता मोजायचं कशाने? नवखा विद्यार्थी इथे डोळे झाकून डीएमएफटीकडे धावतो, कारण पुस्तकात तो पहिला येतो. किडलेले, किडीमुळे काढलेले आणि भरलेले कायमचे दात यांची ही बेरीज १९३०च्या दशकापासून वापरात आहे. एखाद्या लोकसंख्येत किडीचा भार किती आहे, हे सांगायला ती उत्तम. पण सहा महिन्यांच्या प्रकल्पाचं यश तिच्यावर तोलू नका. किडलेला दात भरला की तो एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जातो, बेरीज तेवढीच राहते. म्हणजे तुमच्या प्रयत्नांनी वर्गातल्या सगळ्या मुलांचे दात भरून झाले, तरी डीएमएफटी जागचा हलणार नाही. तिथे बेरीज सोडून रकाने वेगवेगळे बघायचे: किडलेले किती उतरले, भरलेले किती वाढले.

दुधाच्या दातांचा खेळ याच्या बरोबर उलटा. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांचे किडके दुधाचे दात पडून जातात आणि आकडा आपोआप उतरतो. आमच्या शिकवणाऱ्या बाई प्रत्येक प्रस्तावावर एकच प्रश्न विचारायच्या, "तुम्ही काहीच केलं नाहीत, तर हा आकडा कुठे जाईल?" मूल्यमापनाचा निम्मा विषय या एका प्रश्नात आहे असं मला वाटतं.

छोट्या प्रकल्पाला लवकर हलणारं माप लागतं. हिरड्यांच्या आजारांचे संशोधक हाराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी १९६५मध्ये निरोगी हिरड्यांच्या विद्यार्थ्यांना दात घासणं थांबवायला लावलं होतं. दोन-तीन आठवड्यांत हिरड्यांना सूज आली आणि स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात ती ओसरली. म्हणून घासण्याच्या सवयीवर काम करत असाल, तर प्लाक (दातांवर साचणारा मऊ थर) आणि हिरड्यांचे निर्देशांक घ्या. ग्रीन आणि व्हर्मिलियन यांचा १९६४चा सुटसुटीत मौखिक स्वच्छता निर्देशांक शाळेत सोयीचा पडतो. फक्त सहा दातांची एकेक बाजू बघायची, एकूण गुण शून्य ते सहा, १.२पर्यंत चांगलं, ३.०पर्यंत मध्यम, त्यापुढे वाईट. मात्र त्यात टार्टरचेही, म्हणजे कडक झालेल्या थराचेही, गुण असतात आणि टार्टर ब्रशने निघत नाही. तेव्हा मऊ थराचे गुण वेगळे मांडा.

तुलनेचा गट, म्हणजे कार्यक्रम न मिळालेली तशीच मुलं, हवाच. तपासणी होणार हे कळलं की त्या सकाळी मुलं जरा जास्तच मन लावून दात घासतात. शिवाय फक्त सर्वांत वाईट तोंडं निवडली, तर पुढच्या वेळी त्यांचे आकडे सरासरीकडे थोडे सरकतातच. दोन्हींचं श्रेय प्रकल्पाला मिळायला नको. अर्थात तुलनेचा गट टिकवणं मोठ्यांनाही जड जातं. अमेरिकेत ग्रँड रॅपिड्सच्या पाण्यात १९४५मध्ये फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली, तेव्हा तुलनेसाठी शेजारचं मस्किगन होतं. निकाल दिसू लागल्यावर १९५१मध्ये मस्किगननेही फ्लोराइड घेतलं आणि तुलना तिथेच संपली. लोकांच्या दृष्टीने ते रास्तच होतं. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात यावर सोपा उपाय आहे: दुसऱ्या वर्गाला तोच कार्यक्रम काही महिन्यांनी द्या.

तपासणाऱ्यांचं एकमत हा कंटाळवाणा भाग, पण टाळू नका. तीन जणींनी तपासलं आणि एकीचा 'दोन' दुसरीच्या 'एक'एवढा असेल, तर दिसणारी सुधारणा कदाचित तपासणारी बदलल्याची असेल. आधी काही मुलं सगळ्यांनी तपासून गुण जुळवा. प्रत्यक्ष पाहणीतही पाच ते दहा टक्के मुलं पुन्हा तपासा आणि 'कप्पा' (kappa) काढा, म्हणजे योगायोगाने होणारी जुळणी वगळून एकमत किती हे सांगणारा आकडा. नुसती जुळणीची टक्केवारी फसवी असते, कारण बहुतेक दात निरोगी असतील तर दोघी न बघता 'शून्य' लिहूनही जुळतील.

माहितीच्या चाचणीबद्दल फार बोलत नाही. मुलांना उत्तरं पाठ होतात आणि गुण वाढतात. दात कधी घासले हे त्यातून कळत नाही.

सरासरीपाशी मात्र थांबा. कीड सगळ्यांत सारखी वाटलेली नसते, ती मोजक्या मुलांच्या तोंडात साचते. म्हणूनच सर्वाधिक किडीच्या एक तृतीयांश मुलांची वेगळी सरासरी काढणारा सिग्निफिकंट केरीज इंडेक्स आहे. एकूण सरासरी सुधारली आणि हा तिसरा हिस्सा जिथल्या तिथे राहिला, तर ज्यांना गरज कमी होती त्यांनाच फायदा झाला. तसं झालं असेल तर अहवालात तसंच लिहा. परीक्षकांना ते आवडतं, निदान चांगल्या परीक्षकांना.

आणि छेद तपासा, म्हणजे सरासरी किती मुलांवर काढली ते. पहिल्या दिवशी ऐंशी मुलं होती आणि शेवटी साठच तपासली, तर उरलेली वीस कुठे गेली? बऱ्याचदा दात दुखतो म्हणून घरी राहिलेलं मूलच यादीतून गळतं. त्या वीस जणांचे पहिल्या तपासणीचे गुण एका छोट्या तक्त्यात साठ जणांच्या शेजारी मांडा. ते जास्त वाईट असतील, तर शेवटची सरासरी त्यांच्या जाण्यानेच काही अंशी सुधारली आहे, हे तक्त्याखालच्याच ओळीत नोंदवा.