राजीनामा लिहिण्याआधी: ढिसाळ कारभाराची नोकरी सोडून बरी नोकरी कशी धरावी

आधी एक शंभर पानी वही आणा आणि सहा आठवडे ती रोज लिहा. कंपनीच्या लॅपटॉपवर किंवा ऑफिसच्या ईमेलमध्ये यातलं काही ठेवू नका. संध्याकाळी गाडीत बसायला मिळालं तर तिथेच, नाहीतर घरी आल्यावर चार ओळी लिहा. किती वाजता आत गेलात, किती वाजता सुटलात, आज कुठलं काम मध्येच फिरलं, कुणी फिरवलं आणि त्यापायी काय परत करावं लागलं, एवढंच.

उपयोगी पडणारी नोंद अशी असते: "मंगळवार. अहवालाचा मसुदा काल मंजूर झाला होता. आज ४ वाजता मोठ्या साहेबांनी रकाने बदलायला सांगितले. ५ वाजता मॅनेजर म्हणाले जुनेच ठेवा. दोघांचं आपसात बोलणं झालेलं नव्हतं. दोन्ही प्रती केल्या. निघायला ९.१०." आणि "आज परत डोकं फिरवलं" ही नोंद बिनकामाची. राग खरा असतो, पण दीड महिन्याने त्या ओळीवरून काहीच ठरवता येत नाही.

सहा आठवडे एवढ्यासाठी की त्यात एक तरी महिनाअखेर आणि एक तरी पगाराची तारीख येते. मार्चअखेरीच्या धावपळीवरून मात्र निर्णय घेऊ नका, तेव्हा चांगल्या चालणाऱ्या ऑफिसातही रात्र होते.

दुखणं नेमकं कुठे आहे

सहा आठवड्यांनी नोंदी वाचताना प्रत्येक नोंदीपुढे एक शब्द लिहा: काम, माणूस किंवा कारभार.

"काम" जास्त वेळा आलं, तर बोजा जास्त आहे. तो हंगामी असेल तर ओसरतो. "माणूस" जास्त वेळा आलं आणि तो माणूस एकच असेल, तर कंपनी सोडण्याआधी त्याच कंपनीत दुसऱ्या विभागात बदली मागून बघा. सेवा खंडित होत नाही, साठलेली रजा राहते, ग्रॅच्युइटीची (दीर्घ सेवेबद्दल सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांची) वर्षं चालू राहतात. माणसं हा मार्ग फार लवकर सोडून देतात.

"कारभार" हे मात्र वेगळं प्रकरण. एका कामाला दोन वरिष्ठ, गेलेल्या माणसाची जागा महिनोन्‌महिने न भरणं, वार्षिक वाढीचं पत्र "पुढच्या आठवड्यात" म्हणत लांबणं, पगाराची तारीख सरकणं. हे एका माणसाच्या बदलीने सुटत नाही.

यातली एक गोष्ट आजच तपासा. उमंग ॲपवर किंवा ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) संकेतस्थळावर यूएएन (तुमचा कायमचा पीएफ क्रमांक) टाकून पासबुक उघडा. महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावा लागतो. पगारपत्रकात कपात दिसते आणि पासबुकात दोन-तीन महिने काहीच जमा नाही, असं आढळलं तर वहीचे सहा आठवडे पूर्ण करत बसू नका. कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेले पैसे वापरायची वेळ आलेल्या कंपनीत पुढचा नंबर पगाराचाच असतो. पासबुकाची प्रत काढून ठेवा आणि शोध सुरू करा.

बाकीच्यांनी एकदा, फक्त एकदाच, मॅनेजरशी नीट बोलावं. तक्रारींची यादी नेऊ नका, एकच मोजता येईल अशी मागणी न्या: "मंजूर झालेलं काम बदलायचं असेल तर ते एकाच व्यक्तीकडून आणि ईमेलवर यावं." त्याच दिवशी दोन ओळींचं ईमेल पाठवून बोलणं नोंदवा आणि चार आठवडे थांबा. फरक पडला तर उत्तम. नाही पडला, तर कारण तुम्हाला कळलेलं आहे आणि पुढे मन डळमळणार नाही.

तब्येत बिघडत असेल, झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल, तर हा सगळा क्रम बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे जा. घरखर्च, भाडं आणि हप्ते धरून सहा महिन्यांचे पैसे हाताशी असतील तर दुसरी नोकरी मिळायच्या आधी सोडणंही चूक नाही. तेवढे नसतील तर हातात पत्र आल्याशिवाय सोडू नका.

कॅलेंडर समोर घेऊन बसा

कधी सोडता यावर बरेच पैसे अवलंबून असतात. ग्रॅच्युइटी साधारणपणे सलग ५ वर्षांच्या सेवेनंतर मिळते. हिशेब सोपा आहे: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. मूळ वेतन ३०,००० आणि सेवा ५ वर्षं असेल तर ८६,५३८ रुपये. ४ वर्षं ८ महिने झाले असताना तडकाफडकी निघालात तर ही रक्कम हातची जाऊ शकते. ४ वर्षं आणि पाचव्या वर्षातले २४० दिवस पुरतात असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे, पण कंपनी तो सहज मानेल असं धरून चालू नका. नोटिशीचे दिवस सेवेतच मोजले जातात, त्यामुळे शेवटचा दिवस पाच वर्षांच्या पलीकडे पडेल अशी तारीख साधता येते. मुदतीच्या करारावर असाल, तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार एका वर्षाच्या सेवेवरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे.

दिवाळीच्या बोनससाठी अडून राहणारे पुष्कळ. कायद्याने मिळणारा बोनस (२१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना, किमान ८.३३ टक्के) त्या वर्षात ३० दिवस काम केलं असेल तर मिळतो, दिवाळीला तुम्ही तिथे असा वा नसा. त्याहून जास्त पगारवाल्यांचा बोनस कंपनीच्या मर्जीचा असतो. तिथे वाटपाची तारीख बघूनच राजीनामा द्या.

दोन गोष्टी घरात बोलून ठरवा. बाळंतपण जवळ असेल तर मातृत्व रजेच्या पगारासाठी प्रसूतीआधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. नव्या ठिकाणी ते दिवस भरतील का ते मोजा. आणि गृहकर्ज मंजुरीच्या टप्प्यावर असेल तर रक्कम हातात पडेपर्यंत थांबा. मध्येच नोकरी बदलली की बँक नवीन पगारपत्रकं मागते आणि बिल्डरच्या हप्त्याची तारीख काही थांबत नाही.

नवी जागा तपासताना

शोध कसा घ्यायचा हे सगळ्यांना ठाऊक आहे. एवढंच करा की नोकरीच्या संकेतस्थळावर आपल्या सध्याच्या कंपनीपासून प्रोफाइल लपवायची सोय सुरू करा.

खरी मेहनत इथे आहे, कारण ढिसाळ कारभारातून निघालेला माणूस दुसऱ्या ढिसाळ कारभारात फार सहज जाऊन पडतो. नवे लोक गोड बोलतात आणि तो दमलेला असतो. मुलाखतीत हे विचाराच: ही जागा का रिकामी झाली? आधीची व्यक्ती किती काळ होती? मी कुणाला उत्तरदायी असेन आणि त्यांना भेटता येईल का? गेल्या महिन्यात एखादं काम मध्येच बदललं असेल तर ते कुणी ठरवलं आणि टीमला कसं कळवलं? शेवटच्या प्रश्नावर चांगला मॅनेजर एखादा खरा प्रसंग सांगतो. "आमच्याकडे सगळे एका कुटुंबासारखे आहोत" असं उत्तर आलं, तर प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही.

मुलाखतीची आखणीही बघा. तीनदा वेळ बदलली, चौथ्यांदा गेलात तर समोरच्याने तुमचा बायोडेटा वाचलेला नव्हता, शेवटी पगाराचा आकडा ठरलेल्याहून वेगळा निघाला: उद्या तुमचं कामही असंच चालेल.

मग दोन माणसं शोधा, जी ती कंपनी सहा महिने ते दीड वर्षापूर्वी सोडून गेली आहेत. लिंक्डइनवर सापडतात, आणि बरेचजण फोनवर दहा मिनिटं देतात. "कशी आहे कंपनी?" असं विचारू नका. "पगार कुठल्या तारखेला व्हायचा? रजा नाकारली जायची का? शेवटचा हिशेब किती दिवसांत मिळाला?" असं विचारा. शक्य असेल तर एखाद्या कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसातला त्या इमारतीबाहेरच्या चहाच्या टपरीवर उभे राहा. लॉबीतून किती लोक बाहेर पडतायत आणि वर किती दिवे चालू आहेत, हे कुणालाही न विचारता दिसतं.

होकार देण्याआधी त्या रस्त्याने एकदा सकाळी खरोखर जाऊन या, आणि तेही रविवारी नव्हे. डोंबिवलीहून ऐरोलीला जायचं तर ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर लोकल धरायची. अंधेरीला जायचं तर घाटकोपरला उतरून मेट्रोच्या गर्दीत शिरायचं. नकाशावरचं अंतर आणि त्या जिन्यावरची रांग यांचा काही संबंध नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही मेट्रो ३ पूर्ण सुरू झाल्यापासून सीप्झ, बीकेसी आणि वरळीच्या नोकऱ्या पश्चिम उपनगरातल्या अनेकांच्या टप्प्यात आल्या आहेत, तेव्हा जुन्या अंदाजावर नाही म्हणू नका. जाऊन-येऊन रोज ४० मिनिटं वाढली, तर २२ दिवसांत जवळपास १५ तास गेले. पगारवाढ त्या १५ तासांची भरपाई करते का ते बघा.

सीटीसी फोडून बघा

सीटीसी म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च. "९ लाख" ऐकून महिन्याला ७५ हजार समजू नका. समजा त्यात ९०,००० कामगिरीवर अवलंबून आहेत. मूळ वेतन महिना ३७,५०० असेल तर मालकाचा पीएफ वर्षाला ५४,००० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद (मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के) २१,६४५. मेडिक्लेमचा हप्ता १२,००० त्यातच धरला आहे. उरले ७,२२,३५५, म्हणजे महिना ६०,१९६. त्यातून तुमचा पीएफ ४,५०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) गेला. हातात ५५,४९६. नव्या करप्रणालीत या पातळीवर आयकर लागत नाही. सध्याचा पगारही याच पद्धतीने मांडा आणि मग दोन्ही आकडे शेजारी ठेवा. हातातली रक्कम तेवढीच राहिली तरी चांगल्या कारभाराची जागा घेण्यासारखी असते. कमी होत असेल तर मात्र घरच्यांशी बोलूनच.

ऑफर लेटरमध्ये पद, पगाराची फोड, रुजू होण्याची तारीख, नोटिशीची मुदत आणि बाँड (ठरल्याआधी सोडलं तर ठरावीक रक्कम भरायची अट) या पाचही गोष्टी वाचा. फोनवरच्या "समजा झालंच" वर राजीनामा देऊ नका.

राजीनामा आणि नोटीस

जुनं नियुक्तीपत्र काढा. नोटीस किती दिवसांची, ती पैसे भरून कमी करता येते का, आणि ते पैसे मूळ वेतनावर की एकूण पगारावर, हे तीन मुद्दे शोधा. ९० दिवस लिहिले असतील तर नव्या कंपनीला आधीच सांगा. "अमुक वर्षं स्पर्धक कंपनीत जाणार नाही" ही अट नोकरी सोडल्यानंतर भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. बाँडचं तसं नाही: २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा २ लाख रुपयांचा बाँड वैध ठरवला. रक्कम लिहून सही केली असेल तर ती हिशेबात धरा.

आधी मॅनेजरला प्रत्यक्ष सांगा, त्याच दिवशी ईमेल पाठवा. मजकूर एवढाच: "मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. नियुक्तीपत्रानुसार आजपासून ९० दिवसांची नोटीस धरून माझा शेवटचा दिवस अमुक तारखेला असेल. त्याआधी कामाचं हस्तांतरण पूर्ण करीन. कृपया पोच द्यावी." कारणं लिहू नका. वही कुणाला दाखवायची नाही, ती तुमच्यासाठी होती.

पगार वाढवून थांबवायचा प्रयत्न होईल. तेव्हा वही उघडून "पगार" हा शब्द किती नोंदींत आहे ते मोजा. दोन साहेबांचे दोन हुकूम पगारवाढीने एक होत नाहीत.

नोटिशीत हस्तांतरणाची यादी ईमेलवर द्या, एकेक बाब पूर्ण झाली की पोच घ्या. कंपनीच्या फायली स्वतःच्या पेनड्राइव्हवर घेऊ नका. पगारपत्रकं, वाढीची पत्रं आणि फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) मात्र लॉगिन बंद व्हायच्या आत उतरवून घ्या.

कंपनीचा मेडिक्लेम सहसा शेवटच्या दिवशी संपतो. घरात मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर संरक्षण संपायच्या आधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज द्या, म्हणजे जुन्या आजारांसाठी पूर्ण झालेला प्रतीक्षा काळ (ज्यात विमा जुन्या आजाराचा खर्च देत नाही) धरला जातो. एकदा खंड पडला की तो नव्याने मोजतात, आणि तो ३ वर्षांपर्यंत असू शकतो.

शेवटचा हिशेब

वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं. ग्रॅच्युइटीला ३० दिवस. "आमच्याकडे ४५ दिवस लागतात" असं उत्तर आलं तर या तरतुदीचा उल्लेख करून एचआरला ईमेल करा. तरीही दाद लागली नाही तर मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात कामगार आयुक्तांकडे तक्रार देता येते. पीएफची तक्रार ईपीएफओच्या तक्रार संकेतस्थळावर, पासबुकाच्या प्रतीसह. रिलीव्हिंग लेटर (कार्यमुक्त केल्याचं पत्र) आणि अनुभव प्रमाणपत्र दोन्ही मागा, नव्या कंपनीची पडताळणी बहुधा पहिल्यावाचून अडते.

पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. एकूण ५ वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर बसतो, आणि पेन्शनसाठी लागणारी १० वर्षंही तुटतात. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरली नाही तर शेवटच्या जमा रकमेनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः ऑनलाइन भरता येते. नव्या एचआरला जुनाच यूएएन द्या, आणि या आर्थिक वर्षात आधी मिळालेला पगार व कापलेला कर लेखी कळवा. नाहीतर दोन्ही कंपन्या प्रमाणित वजावट (पगारदारांच्या करपात्र उत्पन्नातून वगळली जाणारी ठरावीक रक्कम) वेगवेगळी धरतात, वर्षभर कर कमी कापला जातो आणि जुलैत विवरणपत्र भरताना सगळा एकदम भरावा लागतो. पहिलं पगारपत्रक आलं की त्यावरचा यूएएन अंक न्‌ अंक जुन्याशी ताडून बघा.