स्प्रॉकेटचे दाते बदलण्यापूर्वीची तयारी

मोटरसायकलची चेन ज्या दोन दातेरी चाकांवर फिरते ती स्प्रॉकेट: पुढचे गिअरबॉक्सच्या शाफ्टवर, मागचे मागच्या चाकावर. नवे स्प्रॉकेट मागवण्यापूर्वी गाडीवर सध्या असलेल्या दोन्ही स्प्रॉकेटचे दाते स्वतः मोजून कागदावर लिहून ठेवावेत, कारण गाडी जुनी घेतलेली असेल तर आधीच्या मालकाने ते बदललेले असू शकतात आणि मग माहितीपुस्तिकेतल्या आकड्यांवर बेतलेला सगळा हिशेब चुकतो. हिशेब साधा आहे: मागचे दाते भागिले पुढचे दाते. पुढे 15 आणि मागे 45 असतील तर प्रमाण 3 येते. पुढचे 14 केले की ते 3.21 होते, म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये चाकाला मिळणारा जोर सुमारे 7 टक्क्यांनी वाढतो आणि इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांवर वेग जवळपास तेवढाच घटतो. हाच परिणाम मागच्या बाजूने साधायचा असेल तर 45 चे 48 करावे लागतात. पुढचा एक दाता मागच्या तिघांच्या तोडीचा असल्याने, चढावर क्लच घासत गाडी काढावी लागते ही अडचण आहे की मोठ्या रस्त्यावर इंजिन फार फिरते ही, हे आधी नक्की करावे आणि पहिल्या खेपेस एकाच दात्याचा फरक करून पाहावा. पुढचे स्प्रॉकेट दोन दात्यांनी लहान करणे मला मुळीच पसंत नाही. लहान चाकाभोवती चेन अधिक तीव्र वळते, लवकर झिजते आणि स्विंगआर्मवरच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) रबरी पट्टीला घासू लागते.

त्यानंतर चेनचे माप सांगणारा क्रमांक पाहावा. 428 ची कडी, एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत, 12.7 मिलिमीटरची असते. 520, 525 आणि 530 या तिन्हींची 15.875 मिलिमीटरचीच, फरक फक्त रुंदीचा, त्यामुळे क्रमांक तंतोतंत जुळल्याशिवाय स्प्रॉकेट घेऊ नये. लांबीचा अंदाजही आधीच घ्यावा. एक दाता वाढला की मागचा अ‍ॅक्सल (चाकाचा आस) सुमारे पाव कडी पुढे सरकवावा लागतो, म्हणजे 520 च्या चेनवर साधारण 4 मिलिमीटर, आणि मागे तीन दाते वाढवले तर 12. दाते कमी केले तर तितकाच मागे. अ‍ॅडजस्टरवर (चेन ताणण्याच्या स्क्रूवर) तेवढी जागा उरली आहे का आणि टायर पुढे सरकल्यावर कशाला लागणार तर नाही ना, हे पट्टी लावूनच पाहावे. जागा पुरत नसेल तर चेनची लांबी बदलावी लागते, आणि तीही दोन-दोन कड्यांनीच.

जुन्या चेनवर नवे स्प्रॉकेट चढवण्याचा मोह टाळावा. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी ओढून पाहावी. तिथे ती उचलली जाऊन दात्याचा निम्मा भाग दिसू लागला, किंवा दाते एका बाजूला आकड्यासारखे वळलेले असले, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट या तिन्ही वस्तू एकदमच बदलाव्यात.

स्पीडोमीटर वेग कुठून घेतो तेही पाहून ठेवावे. पुढच्या चाकावरून घेत असेल तर काहीच बिघडत नाही, पण गिअरबॉक्सच्या शाफ्टवरून घेत असेल तर वरच्या उदाहरणात काटा आणि किलोमीटरची नोंद दोन्ही सुमारे 7 टक्के जास्त दाखवतील.

हत्यारांत योग्य मापाचा सॉकेट, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने नट आवळण्याचा पाना), नवा लॉक वॉशर, ताठ ब्रश आणि थोडे रॉकेल हवे. ओ-रिंगच्या (कड्यांत रबरी रिंग असलेल्या) चेनला पेट्रोल लावू नये. पुढचे कव्हर काढले की आत ग्रीस आणि खड्यांचा काळा, घट्ट थर साचलेला दिसतो. तो आधी खरवडून काढावा म्हणजे वॉशरची नटावर दुमडलेली पाकळी नीट दिसते आणि छिन्नीने सपाट करता येते. पुढचा नट चेन जागेवर असतानाच, गाडी गिअरमध्ये ठेवून आणि कोणाला तरी मागचा ब्रेक दाबायला सांगून ढिला करावा; चेन उतरवल्यावर शाफ्ट धरून ठेवायला काहीच उरत नाही, आणि ही चूक फार जण करतात. जुने स्प्रॉकेट काढण्यापूर्वी त्याची उंच बाजू इंजिनाकडे आहे की बाहेर, याचा फोटो घ्यावा.

चेनची टोके जोडायला क्लिपची कडी वापरणार असाल तर क्लिपचे बंद टोक चेन धावते त्या दिशेला येईल अशी ती बसवावी. शेवटी चाक पूर्ण फिरवून चेन सर्वांत ताठ होते ती जागा शोधावी, पुस्तिकेत दिलेली ढील तिथेच मोजावी, आणि नवी चेन सुरुवातीला थोडी बसते म्हणून काही शे किलोमीटरनंतर हेच माप पुन्हा घेण्याची नोंद दात्यांच्या त्याच कागदावर करून ठेवावी.