विंडोज 11 वर जाताय? या चुका टाळा

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले आणि सोलापुरातल्या दुकानांत, कारखान्यांत, सीएंच्या ऑफिसांत घाई उडाली. कुणीतरी म्हणतं ‘आता 11 टाकावंच लागतंय’, आणि लगेच डाउनलोड सुरू. बॅकअप नाही, मशीनमध्ये काय आहे याची चौकशी नाही. मग माझ्याकडे फोन येतो.

विंडोज 11 मला मनापासून आवडते. फाइल एक्सप्लोररमध्ये टॅब आले, त्यामुळे सात-आठ फोल्डर वेगवेगळ्या खिडक्यांत उघडून बसावं लागत नाही. विंडोज आणि झेड ही बटणं एकत्र दाबली की पडद्याचे भाग पाडता येतात: एका बाजूला टॅली, दुसऱ्या बाजूला जीएसटीचं पोर्टल. नोटपॅड बंद केलं तरी सेव्ह न केलेला मजकूर पुढच्या वेळी जागेवर सापडतो. आरएआर आणि सेव्हन-झिप फाइली आता बाहेरचं सॉफ्टवेअर न घालता उघडतात. हे सगळं रोजच्या कामाचं आहे. माणसं अडतात ती तिथपर्यंत पोचण्याच्या वाटेवर, आणि दर वेळी त्याच त्याच खड्ड्यांत.

बिटलॉकरची की कुणाच्या खात्यात आहे, हे माहीत नसणं

ही चूक सगळ्यात महागात जाते, म्हणून आधी हीच सांगतो.

नव्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा विंडोज 11 होम असते. पहिल्यांदा चालू करताना मायक्रोसॉफ्टचं खातं घातलं की ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’, म्हणजे बिटलॉकर या डिस्कच्या कुलपाचं साधं रूप, बहुतेक वेळा आपोआप सुरू होतं. ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीने त्यासाठीच्या हार्डवेअरच्या अटी सैल केल्या, त्यामुळे आता कितीतरी जास्त मशीन यात येतात. डिस्कवरचा सगळा डेटा कुलूपबंद होतो आणि त्याची 48 अंकी रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. रोजच्या वापरात ही की कुणी विचारत नाही, कारण मशीनमधला टीपीएम, म्हणजे चाव्या सांभाळणारा सुरक्षेचा भाग, परस्पर कुलूप उघडून देतो. पण बायोस (विंडोजच्या आधी चालणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं, सिक्युअर बूटचं (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारं) सेटिंग हलवलं, टीपीएम क्लिअर केला किंवा मदरबोर्ड बदलला की निळा पडदा येतो आणि 48 अंक मागतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे. तिथल्या ऑफिसातला लॅपटॉप हळू चालतो म्हणून हिशेब बघणाऱ्या मुलाने मोबाइलवर व्हिडिओ पाहिला आणि त्यात सांगितल्याप्रमाणे बायोसमध्ये शिरून टीपीएम क्लिअर केला. मी पोचलो तेव्हा पडद्यावर निळा रंग होता आणि अण्णा, म्हणजे मालक, शेजारी खुर्ची टाकून बसले होते.

‘अण्णा, लॅपटॉप घेतला तेव्हा पहिल्यांदा चालू कुणी करून दिला?’

‘भाच्याचा मित्र आला होता, त्यानं दिला करून. आता तो पुण्यात असतोय.’

24एच2 पासून त्या निळ्या पडद्यावर की कोणत्या खात्यात आहे त्याची खूण दिसते, ईमेलची एक-दोन अक्षरं. ती अक्षरं ऑफिसात कुणाच्याच ओळखीची नव्हती. पुण्याला फोन लावला. त्या मुलाने सेटअप पुढे सरकावा म्हणून तेवढ्यापुरतं नवं खातं काढलं होतं. पासवर्ड लक्षात नाही, आणि ओटीपीसाठी दिलेलं सिम कधीच बंद झालेलं. खात्याचा मोबाइल नंबर बदलायचा तर तीस दिवस थांबावं लागतं. आणि वीस तारीख, म्हणजे जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरायची शेवटची तारीख, तोंडावर आली होती.

मी विचारलं, बॅकअप? हिशेबवाला मुलगा म्हणाला, ‘रोज घेतो की सर, डी ड्राइव्हला.’ डी ड्राइव्ह त्याच डिस्कवरचा, आणि डिव्हाइस एन्क्रिप्शन सी बरोबर डी लाही कुलूप घालतं. सीएंकडे मागच्या तिमाहीपर्यंतची टॅलीची प्रत होती. तिच्यावर पुढची सगळी बिलं कागदावरून पुन्हा भरावी लागली, त्यासाठी बाहेरून एक माणूस बोलवावा लागला. लॅपटॉप शेवटी फॉर्मॅट झाला. मालाचे फोटो, पार्टीचे जुने पत्रव्यवहार, डिझाइनच्या फाइली, सगळं गेलं. 48 अंकांशिवाय तो डेटा उघडून देतो असं जो म्हणेल त्याला पैसे देऊ नका.

म्हणून माझी सवय अशी आहे. कुणाच्याही मशीनला हात लावण्याआधी सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ उघडतो आणि डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघतो. चालू असेल तर कंट्रोल पॅनलमधून रिकव्हरी कीची प्रत काढतो, कागदावर छापतो, त्यावर लॅपटॉपचा सिरियल नंबर लिहितो आणि तो कागद खरेदीच्या बिलाबरोबर फाइलीत लावायला सांगतो. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ठेवलेली की काही कामाची नाही. मायक्रोसॉफ्टचं खातं मालकाच्या स्वतःच्या ईमेलवर आणि चालू मोबाइल नंबरवर हवं. दुकानदाराच्या, भाच्याच्या किंवा ऑपरेटरच्या नव्हे. बायोसमध्ये काही करायचं असेल तर प्रो आवृत्तीत बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा. होममध्ये एन्क्रिप्शन बंद करून डिस्क पूर्ण मोकळी होईपर्यंत थांबा, आणि काम झालं की पुन्हा चालू करा.

एन्क्रिप्शन कायमचं बंद करून टाका, कटकट नको, असं सांगणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. एसटीत किंवा रेल्वेत लॅपटॉप चोरीला गेला तर धंद्याचा सगळा हिशेब अनोळखी माणसाच्या हातात जातो. कुलूप राहू द्या, की सांभाळा.

‘आय-फाइव्ह आहे, चालतंय की’

आय-फाइव्ह हे नाव कितीतरी पिढ्यांना आहे. विंडोज 11 च्या यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे आहेत. मॉडेलचा नंबर बघा: 7200यू म्हणजे सातवी पिढी, यादीत नाही, 8250यू म्हणजे आठवी, चालतो. सोबत 4 जीबी रॅम आणि 64 जीबी जागा ही कंपनीची किमान अट आहे. माझ्या मते 8 जीबी रॅम आणि एसएसडीशिवाय कुणी या वाटेला जाऊ नये.

उलटी चूकही तितकीच दिसते. विंडोज 11 ला टीपीएमही लागतो. ‘पीसी हेल्थ चेक’ या मायक्रोसॉफ्टच्या तपासणीच्या ॲपने तो नाही असं सांगितलं की लोक नवा कॉम्प्युटर घ्यायला निघतात. आठव्या पिढीच्या पुढच्या मशीनमध्ये तो बहुतेक वेळा असतोच, फक्त बायोसमध्ये बंद असतो. इंटेलमध्ये त्याचं नाव पीटीटी, एएमडीमध्ये एफटीपीएम. चालू करायला पाच मिनिटं पुरतात. नवं मशीन विकायला बसलेला माणूस हे आपणहून सांगेलच असं नाही.

लेगसी बंद करून लगेच रीस्टार्ट

सिक्युअर बूट हवं म्हणून बायोसमध्ये मशीन सुरू होण्याची जुनी ‘लेगसी’ पद्धत बदलून नवी ‘यूईएफआय’ केली, रीस्टार्ट केलं, आणि काळ्या पडद्यावर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’. बरेच जण इथे हार्ड डिस्क गेली समजून फॉर्मॅट करून घेतात, आणि त्या फॉर्मॅटचे पैसेही मोजतात. डिस्क ठणठणीत असते. तिची मांडणी जुनी, एमबीआर पद्धतीची असते आणि यूईएफआयला जीपीटी लागते, एवढंच. सेटिंग पुन्हा लेगसी करा, विंडोज 10 पूर्वीसारखी उघडेल.

त्यानंतर डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज, मग व्हॉल्यूम्स. तिथे पार्टिशन स्टाइल लिहिलेली असते. एमबीआर असेल तर विंडोजमध्येच ‘एमबीआर-टू-जीपीटी’ नावाचं साधन आहे, ते डेटा न पुसता मांडणी बदलतं. आधी ‘व्हॅलिडेट’ चालवून बघायचं. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील किंवा एक्स्टेंडेड पार्टिशन असेल तर ते नकार देतं. जुन्या असेंबल्ड मशीनवर सी, डी, ई, एफ असे तुकडे पाडायची आपल्याकडे पद्धतच होती, त्यामुळे हा नकार नेहमी येतो. अशा वेळी जबरदस्ती करू नका. डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि कोरी इन्स्टॉल करा.

अटी चुकवून टाकलेली विंडोज

रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने इन्स्टॉलचा पेन ड्राइव्ह बनवून टीपीएमची तपासणी वगळता येते. घरात शिकायला म्हणून करा, हरकत नाही. पण ज्या मशीनवर पगार, जीएसटी आणि बँकेचं लॉगिन आहे तिथे हे करणाऱ्यांवर मला राग येतो. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, हे त्यांनी उघडपणे लिहिलेलं आहे. कोअर टू ड्युओवर तर 24एच2 चालतच नाही, कारण तिला लागणाऱ्या काही सूचना त्या प्रोसेसरमध्ये नाहीत. जुनं मशीन टाकवत नसेल तर विंडोज 10 ची वैयक्तिक वापरासाठीची वाढीव सुरक्षा योजना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची आहे. खात्यात सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की ती पैसे न देताही मिळते. एवढ्या मुदतीत मशीनसाठी पैसे बाजूला काढता येतात.

शेअर केलेलं फोल्डर अचानक दिसेनासं होणं

पुढे काउंटर, मागे गोडाऊन, दोन कॉम्प्युटर आणि मध्ये पासवर्डशिवाय शेअर केलेलं फोल्डर. नवी पेठेत असं सेटिंग किती दुकानांत असेल कुणास ठाऊक. 24एच2 च्या प्रो आवृत्तीत पाहुण्यासारखं, पासवर्डविना आत शिरणं बंद झालं आणि एसएमबी साइनिंग, म्हणजे शेअरिंगच्या प्रत्येक देवाणघेवाणीवर ओळखीची सही, सक्तीचं झालं. राउटर बदलून, केबल बदलून काही होत नाही. ज्या मशीनवर फोल्डर आहे तिथे पासवर्ड असलेला एक युजर तयार करा, दुसऱ्या मशीनवरून त्या नावाने आत शिरा. ही सुरक्षा बंद करण्याच्या कमांड सगळीकडे फिरतात. त्या वापरू नका.

थोडक्यात सांगण्यासारख्या

वनड्राइव्हने ‘फोल्डर बॅकअप घ्यायचा का’ विचारलं की न वाचता हो म्हणू नका. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स तिकडे जातात, मोफत जागा 5 जीबीच, आणि ती भरली की पुढच्या फाइली वर जायच्या थांबतात.

‘विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड’ मुद्दाम चालू करू नका. तो कंपनीचे प्रिंटर ड्रायव्हर काढून टाकतो; बिलं छापणारा डॉट मॅट्रिक्स तिथेच थांबेल.

लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्यांनी कोरी इन्स्टॉल करण्याआधी फॉन्टचं फोल्डर बाहेर काढून ठेवावं. जुन्या मराठी फॉन्टमधल्या फाइली त्या फॉन्टशिवाय वाचता येत नाहीत. नवीन टायपिंगसाठी विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, तेलुगू आणि कन्नडचाही आहे. विंडोज आणि स्पेसबार दाबून भाषा बदला.

राइट-क्लिकचा जुना मेनू हवा असेल तर शिफ्ट दाबून राइट-क्लिक करा. तेवढ्यासाठी रजिस्ट्रीत हात घालायची गरज नाही.

यंत्रमागाच्या शेडला लागून असलेल्या ऑफिसात सीपीयूच्या पंख्यात कापसाचे तंतू भरलेले असतात. एप्रिल-मे मध्ये, पारा 42 च्या वर असताना अशा मशीनवर अपग्रेड लावलं तर मध्येच तापून बंद पडतं. आधी ब्लोअरने साफ करून घ्या, यूपीएसची बॅटरी तपासा, आणि अपग्रेड सकाळी लवकर लावा.

अपग्रेड झाल्या झाल्या ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर पुसून जागा मोकळी करणारे लोक मला अजून समजलेले नाहीत. ते फोल्डर असेपर्यंत, म्हणजे दहा दिवस, सेटिंग्जमधल्या ‘रिकव्हरी’तून विंडोज 10 वर परत जाता येतं. त्या दहा दिवसांत टॅली, प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचा टोकन, पोर्टलचं लॉगिन, सगळं एकेकदा वापरून बघा. काही अडलं आणि ड्रायव्हर मिळत नसेल तर नवव्या दिवसाची वाट बघू नका, लगेच मागे जा.